राखाडी ठिपका

आई तालुक्याला निघाली की सकाळपासून पाणी पीत नाही. वेल्ह्याला तहसील कचेरीत दाखला काढायचा असो नाहीतर भोरच्या बाजारात जायचं असो, घरातून निघताना चहासुद्धा अर्धाच. का गं, म्हणून विचारलं की म्हणते, "वाटंत कुठं जायचं?" जागा नसते असं नाही, असते. पण ती कुठं आहे हे टपरीवरच्या पुरुषाला विचारायचं, त्यानं वर मान करून आपल्याकडं बघायचं, मग हात लांब करून दाखवायचं आणि शेजारच्या चौघांनी त्या हाताकडं बघायचं, हे तिला जमत नाही. मला लहानपणापासून या गोष्टीचा राग होता. त्या रागातून 'सोय' निघालं.

'सोय' म्हणजे मोबाईलवरचा नकाशा. संडास, मुतारी, प्यायचं पाणी, बसायला सावली, बाळाला पाजायला आडोसा, एवढंच त्यात दिसतं. कुणाला काही विचारायला नको. मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. भोरचा स्वरूप माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. शनिवार-रविवार घालवून आम्ही दोघांनी तो बनवला. स्वरूप शांत माणूस आहे. दोघांत एक तरी तसा लागतोच.

नकाशावरचे ठिपके आम्ही टाकत नाही, लोक टाकतात. सुरुवातीला आम्ही भोरपासून केली आणि पहिल्याच महिन्यात तिथल्या पोरांनी एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर सार्वजनिक मुतारीचा ठिपका टाकला. बिननावाच्या टोळक्यानं "आहे, आहे" करून तो पक्का करून टाकला. स्वरूप दोन दिवस हसत होता, मी दोन दिवस शिव्या देत होते. मग मी नियम केला. नवा ठिपका आधी राखाडी दिसेल. तीन वेगळ्या घरांतल्या तीन माणसांनी तिथं जाऊन, ती सोय वापरून, आपापल्या फोनवरून तसं सांगितलं की तो हिरवा होईल आणि त्या तिघांची नावं खाली सगळ्यांना दिसतील. नाव दिल्याशिवाय कुणाचं काही धरायचं नाही. माझाच नियम, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

भोर झालं, हायवेवर कामथडीपर्यंत झालं, वेल्ह्याचा बाजार झाला. मग मी म्हटलं, आपली वाडी का नको? आमची वाडी वेल्ह्याच्या रस्त्याला आहे. राजगडला जाणारी पोरं एसटीनं येतात, काही चुकून आमच्या वळणावर उतरतात आणि किल्ल्याच्या पायथ्याला, पालीला, कसं जायचं विचारत बसतात. त्या वळणावर पहिलंच घर आमचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दारातल्या करंजाखाली एक रांजण अर्धा मातीत पुरून ठेवलेला आहे. वर लाकडी झाकण, झाकणावर तांब्या. आबा जाऊन बरीच वर्षं झाली. आई रोज सकाळी हापशावरून पाणी आणून तो भरते, भर पावसातसुद्धा. पावसात कोण पितं गं, असं मी एकदा म्हटलं होतं, तेव्हा ती म्हणाली, "भरायचं आपल्याकडं हाय, प्यायचं त्यांच्याकडं."

वाडीत आता बौद्धांचं आमचं एकच घर आहे. बाकीच्यांनी कुलपं लावून भोर नाहीतर पुणं गाठलं. बाकी सगळी वस्ती शेतकरी मराठ्यांची. भांडण कुणाचं कुणाशी नाही. आई त्यांच्याबरोबर भाताची लावणी करते, लग्नात तिला पत्रिका येते, आबा गेले तेव्हा खांदा द्यायला सगळी वाडी आली होती. हे मी आधी सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की ही माणसं वाईट आहेत.

रविवारी शाळेच्या व्हरांड्यात बायका जमल्या. मंगलकाकींनी जमवल्या. त्या बचत गटाच्या अध्यक्ष, आणि आईची जुनी मैत्रीण. दोघी एकमेकींच्या शेजारी उभ्या राहून लावणी करतात, म्हणजे तोंडाला विसावा नसतो. मी सगळ्यांना ठिपका कसा टाकायचा ते दाखवलं, नावाचा नियम समजावला आणि सांगितलं, नकाशा खरा पाहिजे, सार्वजनिक पाणी जिथं जिथं असेल तिथं टाका. थोड्या वेळानं, माझ्याबरोबर आलेल्या स्वरूपनं त्याचा फोन माझ्यापुढं धरला. हापसा आणि शाळेची टाकी सोडून नकाशावर सगळी घरंच घरं उठली होती. प्रत्येकीनं आपापल्या घरावर पाण्याचा ठिपका टाकला होता.

"अहो काकी, सार्वजनिक म्हणजे सगळ्यांचं," स्वरूप म्हणाला. "घर नाही टाकायचं."

"मंग पानी सगळ्यांचंच की," मंगलकाकी म्हणाल्या. "वाटसरू दारात आला तर न्हाई म्हनतंय का हितं कुनी? तुमच्या भोरात म्हनत आसतील."

बायका हसल्या. मलाही हसू आलं, आणि खरं सांगते, ऊर भरून आला. पुण्यात पाण्याच्या बाटलीवर किंमत छापलेली असते आणि इथं एकही बाई आपलं घरचं पाणी घरचं मानायला तयार नव्हती. स्वरूपला ते ठिपके काढून टाकायचे होते. मी म्हटलं, राहू दे, वेगळा प्रकार करू, 'घरचं पाणी'. तेव्हा काकींनीच सुचवलं की घरच्या पाण्याची खात्री वाडीतल्याच लोकांनी द्यावी. बाहेरच्याला काय कळतंय, कुणाचं पाणी कसलं आहे ते. मला ते पटलं आणि मी तिथंच बसून तसा नियम घातला. म्हणजे पुढं गळ्याला बसला तो दोर मीच वळला.

आईनंही आपला ठिपका टाकला. करंजाखाली जाऊन, बोट काचेवर दाबून धरून, श्वास रोखून. बटणावर आम्ही लिहिलं होतं, 'इथलं पाणी प्यालो'. वाडीतल्या बायका घरोघर फिरून एकमेकींचं पाणी पीत, बटण दाबत, खिदळत होत्या. आईही मंगलकाकींच्या ओट्यावर बसून पाणी प्याली आणि तिनं बटण दाबलं. पाणी तिला कागदी कपात मिळालं. पूर्वी तिच्यासाठी वळचणीला वेगळा कप असायचा. आता कागदी कप आले, त्यामुळं कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही. संध्याकाळी काकींचा ठिपका हिरवा झाला. खालच्या तीन नावांतलं एक नाव माझ्या आईचं होतं.

आठवडाभरात वाडी हिरवी झाली. वळणावरचा एक ठिपका सोडून.

आईनं फोन केला. "शुभे, माजा आजून राखंच्या रंगाचाच हाय."

मी म्हटलं, रेंज नसेल, कधी कधी उशीर लागतो. ती "बरं" म्हणाली. पुढच्या आठवड्यात मी म्हटलं, नवीन प्रकार आहे, काहीतरी बिघाड असेल, बघते. ती परत "बरं" म्हणाली. बिघाड कसला नव्हता. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि मी शिकलेली, शहरात राहिलेली बाई आईशी खोटं बोलत राहिले, कारण खरं बोलायला तोंड उघडलं असतं तर मी किंचाळले असते. सगळी वाडी खांदा द्यायला आली होती. लग्नाच्या पत्रिका, लावणी, गप्पा, सगळं होतं. फक्त त्या रांजणातलं पाणी वाडीतलं कुणी कधी प्यालं नव्हतं. आणि ते आजवर कुणाला दिसत नव्हतं. मी नकाशा काढला आणि दिसायला लागलं.

मी ऑफिसातून तो ठिपका हिरवा करून टाकला. चालवणाऱ्याला तेवढी मुभा असते. स्वरूप उठून चहा आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. आवाज एकदम बारीक. "शुभे, मंगलच्या ठिपक्याखाली तीन नावं हायती. माज्या खाली 'सोय टीम' लिवलंय. ही टीम कोन?"

"मी आणि स्वरूप."

"कवा आलता पानी प्यायला?"

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"मला म्हाईत न्हाई व्हय कोन पितंय न् कोन न्हाई?" ती म्हणाली. "दारात बसती म्या. हुता तसा करून ठिव."

मी होता तसा करून ठेवला. म्हणजे तिला बिघाड वगैरे काही वाटलं नव्हतं. ती माझ्या खोटेपणाला "बरं" म्हणत होती, आणि रोज संध्याकाळी फोन उघडून बघत होती. इतकी वर्षं तिनं कुणाकडून काही अपेक्षा केली नव्हती. आता मी तिच्या हातात अशी वस्तू दिली होती की ज्यात अपेक्षा करायला जागा होती. त्या तीन नावांसाठी ती थांबली होती, आणि थांबायला मीच लावलं होतं.

एप्रिलमध्ये ऊन असं तापलं की वळणावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं. एका दुपारी मंगलकाकींच्या सासूबाई, चंद्राबाई, वेल्ह्याहून डोळे तपासून एसटीनं परत आल्या. उतरल्या आणि दोन पावलं चालून रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसल्या त्या कलंडल्याच. आईनं त्यांना धरून करंजाखाली आणलं, तोंडावर पाणी मारलं आणि तांब्या ओठाला लावला. म्हाताऱ्या आजीनं दोन घोट घेतले, डोळे उघडले, कोण पाजतंय ते नीट बघितलं, आणि मग तांब्या स्वतःच्या हातात घेऊन रिकामा केला. एसटी उभीच होती. खिडकीतून सगळ्यांनी बघितलं.

संध्याकाळी मंगलकाकी आल्या. सासूसाठी आल्या असतील असं आईला वाटलं. त्या करंजाखाली बसल्या, आपल्या हातानं झाकण काढलं, तांब्या बुडवला, प्याल्या. मग पदराला हात पुसून फोन काढला.

मी तेव्हा ऑफिसात होते. ठिपक्यावर खूण आली म्हणून उघडलं तर खाली लिहिलेलं, 'मंगल: इथलं पाणी प्यालो'. ठिपका राखाडीच होता, अजून दोन नावं हवी होती. पण मी जिन्यात जाऊन रडले. आनंदानं रडले की आबा हे बघायला नाहीत म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. आईनं दुसऱ्या दिवशी रांजण नारळाच्या शेंडीनं आतून घासला, तांब्या चिंच लावून लखलखीत केला. फोनवर मला म्हणाली, "आता हुतील बग दोन. एक झालं म्हंजी हुतंय." तिचा आवाज मी इतका मोकळा कधी ऐकला नव्हता.

दोन झाली नाहीत. पण मी त्या शनिवारी घरी गेले ते लाडू घेऊनच. दुपारी जेवून आम्ही मायलेकी बसलो होतो. मंगलकाकी आल्या त्या पुढच्या दारानं नाही, परड्यातून. बसा म्हटलं तरी उंबऱ्याशीच टेकल्या.

"शुभा, तुज्याशीच काम हुतं," त्या म्हणाल्या. "त्ये नाव झाकता येतं का?"

"कुठलं नाव?"

"माजं. बटन दाबलंय ते ऱ्हाऊ दे, तुज्या आईच्या ठिपक्याला एक धर. नाव तेवढं दिसू नगं."

आई ताटं उचलत होती. ती तशीच थांबली.

"का, काकी?" मी विचारलं.

काकी जमिनीकडं बघत बोलायला लागल्या. वैष्णवीचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, लग्न जमत आलं होतं. पाहुण्यांचा मुलगा येताना वाटेत संडास शोधायला म्हणून 'सोय' बघत होता. वाडी आली तशी त्यानं वाडी बघितली, ठिपके बघितले, नावं बघितली. "त्याच्या आईनं इचारलं मला, तुमच्यात चालतं का म्हनून. ह्यांनी सांगितलं, पोरीनं खेळता खेळता दाबलं आसंल. घरात लई बोलनं झालं, शुभा. चुलत दिरानं तर..." त्यांनी पुढचं सोडून दिलं.

"तुम्ही पाणी प्यालात का नाही?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"प्याले की."

"मग?"

"प्यायचं येगळं, शुभा. लिवून ठेवायचं येगळं."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "नाव नाही तर ते धरायचं नाही. नियम आहे तो, तुमच्यासमोर शाळेत सांगितला होता. आणि काकी, तुमच्या ठिपक्याखाली माझ्या आईचं नाव आहे. पाहुण्यांना ते नाही दिसलं? त्याबद्दल नाही विचारलं कुणी?"

"आमच्या घरी कुनी पानी प्यालं तर त्याला कोन काय म्हनतंय," काकी म्हणाल्या. त्यांना तो टोमणा कळला नाही, त्यांनी सरळ उत्तर दिलं. आणि मग बहुतेक स्वतःचंच उत्तर त्यांच्या कानात शिरलं, कारण त्या एकाएकी रडायला लागल्या. डोळे पुसलेसुद्धा नाहीत.

आईनं ताटं खाली ठेवली. "शुभे, तिचं नाव काढ."

"आई, मी नाही काढणार."

"पोरीचं लगीन हाय. वैष्णवीला म्या न्हाऊ घातलंय. काढ म्हनते ना."

"मग तुझंही काढते त्यांच्या घरावरनं. राखाडी होऊ दे त्यांचाही."

"माजं कशापायी?" आई म्हणाली. "म्या प्यालेय तिच्यात पानी. खरं हाय ते. लाज कसली त्यात?"

मी काढलं. बोटाच्या एका टिचकीचं काम होतं. काकींना फोन दाखवला, त्यांनी बघितला, मान हलवली. त्या उठल्या तेव्हा आई म्हणाली, "उन्हाची आलीस, पानी पिऊन जा." दारात आलेल्याला म्हणतो तसंच म्हणाली. काकी क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या. मग आईच्या हातातून तांब्या घेतला, सगळा प्याल्या, पालथा घालून ठेवला आणि आल्या तशा परड्यातून गेल्या.

मला ते बघवलं नाही. आई म्हणते, मंगल अजूनही येते, रोज पिते, बसते, बोलते. आईला ते पुरतं. मला पुरत नाही, आणि ते मला कधी पुरू नये असं मला वाटतं.

काकी गेल्यावर मी म्हटलं, "आई, मी तुझा ठिपकाच काढून टाकते. सगळ्या हिरव्यांत तो एकटा राखाडी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो. कशाला हवाय?"

आई बाहेर करंजाखाली गेली होती. काकी प्याल्या तेवढं पाणी कमी झालं होतं, ती कळशीतून भर घालत होती.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "म्या पानी भरून ठेवलंय, हे त्यात दिसतंय न्हवं? आन ते कुनी प्यालं म्हनलं न्हाई, हेबी दिसतंय. शाळंत तूच म्हनली हुतीस, नकाशा खरा पायजे. मंग खरा हाय की."

तिनं झाकण लावलं, त्यावर तांब्या ठेवला. वेल्ह्याला जाणारी एसटी येत होती, वळणाच्या आधीच तिनं हॉर्न दिला. चार माणसं उतरली. पाठीवर पिशव्या घेतलेली पुण्याची दोन पोरं करंजाखाली आली आणि पाणी प्यायली. वाडीतली दोघं तोंडावरचा घाम पुसत सरळ पुढं गेली, त्यांच्या खिशात फोन होते.